गाडीत पेट्रोलचा वास: कधी येतो, कुठून येतो, काय करायचं



आजचा विषय तसा रुक्ष आहे. गाडीत बसल्यावर येणारा पेट्रोलचा वास. ना त्यात कविता, ना आठवणीतला गणेशोत्सव. पण आपण इथे दुबईत, शारजात, अबुधाबीत राहणारी माणसं दिवसाचा दीड-दोन तास गाडीत काढतो, आणि मागच्या सीटवर बहुतेक वेळा आपली मुलं असतात. म्हणून ऐका. मी मेकॅनिक नाही. जे सांगणार आहे ते चुकून, वेळ घालवून आणि थोडी लाज वाटून शिकलेलं आहे.

आम्ही ऊद मेथ्यात राहतो. गेल्या वर्षी मे महिन्यात शाळेतून घरी येताना मागून लेक म्हणाली, "बाबा, पंपावर आल्यासारखा वास येतोय." मी म्हटलं, "कालच टाकी फुल केली ना, जाईल." खरंच दोन दिवसांत ती बोलायची थांबली, मीही विसरलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग तिचं डोकं दुखायला लागलं. आम्ही मोबाइलला दोष दिला, उन्हाला दोष दिला, पाणी पीत नाहीस म्हणून तिलाच बोललो. आणि गाडीसाठी काय केलं, तर आरशाला उदाच्या अत्तराची छोटी बाटली लटकवली. ऊद मेथ्यातल्या माणसाला आणखी काय सुचणार!

जूनमध्ये साताऱ्याहून सासरे आले. अण्णांची सगळी नोकरी एसटीच्या डेपोत, वर्कशॉपमध्ये गेली. विमानतळावरून त्यांना घेतलं. ते मागे, नातीशेजारी बसले. पाच मिनिटांत म्हणाले, "जावईबापू, डिकीत पेट्रोलचा कॅन ठेवलाय का?"

"नाही अण्णा."

"मग उद्यापासून ही गाडी काढू नका."

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "डिझेल सांडलं तर माणूस घसरतो. पेट्रोल सांडलं तर माणसानं पळायचं असतं."

घरी आल्यावर मला प्रश्न पडला, की रोज गाडी चालवणाऱ्या मला वास आला नाही आणि काल आलेल्या माणसाला पाच मिनिटांत कसा आला? याची कारणं तीन. पहिलं, नाकाला सवय होते. एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत तो जाणवेनासा होतो. मच्छीबाजारात शिरताना जेवढा वास येतो तेवढा आत दहा मिनिटं फिरल्यावर येत नाही, तसंच. दुसरं, मी पुढे बसतो, एसीचा झोत माझ्या तोंडावर. वास मागे होता. तिसरं, ती अत्तराची बाटली. वास झाकण्याची सोय मी स्वतःच करून ठेवली होती.

म्हणून आजची पहिली गोष्ट. गाडीत पेट्रोलचा वास येत असेल तर त्यावर अत्तर, स्प्रे, जेल काहीही लावू नका. आणि बखूर तर अजिबात नाही. इथे काही जण गाडीत बखूर फिरवतात. पेट्रोलची वाफ असलेल्या बंद गाडीत पेटता निखारा न्यायचा, याहून वाईट कल्पना मला सुचत नाही.

आता वास म्हणजे नेमकं काय ते बघू. आपल्याला येतो तो पेट्रोलच्या वाफेचा वास. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असलं तरी पेट्रोलमधून इतकी वाफ निघते की ठिणगी मिळाली तर ती पेटू शकते. डिझेलला त्यासाठी पन्नास अंशांच्या वर जावं लागतं. अण्णांच्या वाक्याचा अर्थ एवढाच होता. आणि दुबईच्या उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश, उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तर साठच्या पुढे सहज जातं.

ही वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते. ती वर उडून जात नाही, खाली साचते. गाडीच्या तळाशी, बेसमेंट पार्किंगच्या कोपऱ्यात, खड्ड्यात. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्क्याच्या आसपास पोचलं की ती पेट घेऊ शकते. दिलासा एवढाच, की आपलं नाक त्याच्या कितीतरी आधी, दहा लाखांत एखाद्या भागालाही ओळखतं. त्यामुळे वास आला म्हणजे आता स्फोट होणार असं नाही. नाक लवकर इशारा देतं. तो ऐकायला आपल्याजवळ बहुतेक वेळा पुरेसा वेळ असतो, आणि आपण तो वाया घालवतो.

आणखी एक फरक. सातारा-पुण्याकडे आपण काचा खाली करून गाडी चालवतो. इथे एप्रिल ते ऑक्टोबर काच खाली होत नाही, आणि एसी लवकर थंड व्हावा म्हणून आतलीच हवा फिरवायचं बटण कायम दाबलेलं. गाडीत थोडी वाफ शिरली तरी ती बाहेर पडत नाही. तीच हवा सगळं कुटुंब श्वासातून घेत राहतं. पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचा घटक थोड्या प्रमाणात असतो, आणि तो कर्करोगाला कारण ठरू शकतो हे सिद्ध झालेलं आहे. डोकं जड होणं, मळमळ, चक्कर ही तर लगेच दिसणारी लक्षणं. लहान मुलांना हे आधी जाणवतं, आणि त्यांना ते शब्दांत सांगता येतंच असं नाही.

आता समजा, तुमच्या गाडीत वास येतोय. किती घाबरायचं? मी त्याचे तीन प्रकार करतो.

पहिला प्रकार. गाडीखाली ओलं दिसतंय, थेंब पडतायत, किंवा चालत्या गाडीत एकदम भपकारा आला. अशा वेळी गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा आणि लांब उभं करा. पुन्हा स्टार्ट करून बघू नका. बोनेट उघडून मोबाइलचा दिवा आत घालू नका. पेट्रोल वाहत असेल तर सिव्हिल डिफेन्सचा नंबर ९९७, तो लावा. आणि गाडी रिकव्हरीवरच न्यायची, चालवत नाही.

दुसरा प्रकार. थेंब दिसत नाहीत, पण वास रोज किंवा वारंवार येतो. अशा गाडीत मुलांना बसवायचं नाही, गाडी बेसमेंटमध्ये लावायची नाही, आणि एक-दोन दिवसांत गॅरेज गाठायचं. वास उग्र असेल तर तिथेही रिकव्हरीनेच.

तिसरा प्रकार. पेट्रोल भरलं त्याच दिवशी थोडा वास आला, काचा उघडल्यावर पाच-दहा मिनिटांत गेला, परत आला नाही. यात घाबरण्यासारखं काही नाही. आधी आपल्या चपला-बुटांचे तळवे बघा. पंपावर सांडलेल्या पेट्रोलवर पाय पडलेला असतो. पण असं दुसऱ्यांदा झालं तर ते दुसऱ्या प्रकारात धरायचं. मी नेमकं हेच केलं नाही.

अण्णांनी गाडी बंद ठेवायला सांगितली, मी ती बेसमेंटमधून काढून बाहेर मोकळ्या जागी लावली आणि चार दिवस ऊद मेथा स्टेशनवरून ग्रीन लाइनने कामाला गेलो. त्या चार दिवसांत एक काम केलं. आमच्या धंद्यात काही बिघडलं की आधी नोंदी बघतात: कधी बिघडलं, त्याच्या आधी काय झालं होतं. गाडीची नोंद कुठे असणार? पण बँकेचे मेसेज होते. कोणत्या तारखेला पेट्रोल भरलं, किती दिरहमचं, सगळं फोनमध्ये. आणि बायकोने मला ऑफिसात पाठवलेले मेसेज होते: "हिचं डोकं दुखतंय आज", "आल्यापासून झोपलीय". दोन्ही तारखा कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या.

असे पाच मेसेज निघाले. पाचही टाकी फुल केल्यापासून दोन दिवसांच्या आत.

मंडळी, डोकेदुखीचं कारण तेच होतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, मी डॉक्टर नाही. गाडी दुरुस्त झाल्यावर ती तक्रार थांबली, एवढंच मला माहीत आहे. पण तो कागद बघताना मला जे वाटलं ते सांगायला शब्द नाहीत. मुलीने पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं, आणि मी "जाईल" म्हणालो होतो.

तो कागद गॅरेजमध्येही उपयोगी पडला. कारण वास कुठून येतो याचं उत्तर बहुतेक वेळा तो कधी येतो यात असतं. आता ते एकेक करून सांगतो. हातात कागद-पेन असेल तर लिहून घ्या.

एक. टाकीचं झाकण. झाकणाच्या आत रबरी रिंग असते. उन्हाने ती कडक होते, चिरते. झाकण टिक-टिक आवाज येईपर्यंत फिरवलं नाही तरी वाफ बाहेर येते. हा वास गाडीच्या बाहेर, टाकीच्या बाजूला जास्त येतो, आत कमी. रिंगवरून बोट फिरवून बघा. भेग असेल तर झाकण बदला. हा सगळ्यांत स्वस्त इलाज आहे, म्हणून आधी हा तपासावा. पण हाच आहे असं समजून थांबू नये.

दोन. कोळशाचा डबा. हा बहुतेकांना माहीत नसतो. टाकीत तयार होणारी वाफ हवेत सोडायची नाही म्हणून गाडीत एक डबा बसवलेला असतो, त्यात खास प्रकारचा कोळसा असतो. तो वाफ शोषून धरतो. गाडी चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह नावाचा छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात ओढून जाळली जाते. हा कोळसा वाफेसाठी आहे, पातळ पेट्रोलसाठी नाही. टाकी गळ्यापर्यंत भरली की पेट्रोल त्या डब्यात शिरतं, कोळसा भिजतो, आणि डबा निकामी होतो. याची खूण अशी: पेट्रोल भरल्यावर वास वाढतो, मागच्या चाकाजवळ जास्त जाणवतो. आणि पेट्रोल भरून लगेच गाडी सुरू करताना ती कुंथत असेल, दोन-तीनदा चावी फिरवावी लागत असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय का ते बघायला सांगा.

तीन. टाकीतली मोटर, म्हणजे फ्युएल पंप. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटच्या खाली असते आणि मोटर वरून टाकीत बसवलेली असते. तिच्याभोवती एक जाड रबरी सील असतं, आणि वर सीटखाली पत्र्याचं झाकण. हे सील चेपलं, ताठरलं किंवा नीट बसलं नाही तर वाफ सरळ मागच्या सीटखालून आत येते. खूण अगदी स्पष्ट: टाकी फुल असताना वास जास्त, अर्धी झाली की कमी, पाव राहिली की जवळजवळ नाही. आणि मागे बसणाऱ्याला येतो, पुढच्याला नाही.

चार. इंजिनाच्या बाजूची गळती. टाकीतून इंजिनापर्यंत येणारे पाइप, त्यांचे जोड, इंजेक्टरच्या रबरी रिंगा. या नळ्यांत साध्या इंजेक्शनच्या गाडीतही तीन-चार बार दाब असतो, नव्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात त्याच्या कित्येक पट. त्यामुळे ही गळती सगळ्यांत धोक्याची, कारण शेजारीच तापलेलं इंजिन असतं. वास सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर किंवा तापलेली गाडी बंद केल्यावर येतो. एसीला बाहेरची हवा पुढच्या काचेच्या खालून मिळते, म्हणून आतली हवा फिरवायचं बटण दाबलं की कमी होतो आणि बाहेरची हवा घेतली की वाढतो. टोरांटो किंवा शिकागोकडे ऐकणाऱ्यांसाठी: कडाक्याच्या थंडीत रबरी रिंगा आकसतात, तेव्हा हा वास फक्त गारठ्यात येऊन गाडी तापल्यावर जाऊ शकतो. गेला म्हणून सोडून देऊ नका.

पाच. सायलेन्सरचा वास. इंजिनात पेट्रोल पूर्ण जळत नसेल, एखादा प्लग ठिणगी टाकत नसेल, तर अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा वास मागून येतो. डिकीचं रबर सैल असेल तर आतही शिरतो. तो सिग्नलला थांबल्यावर जास्त येतो, गाडी धक्के खाते, ॲव्हरेज उतरतो, सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी दिसते. यात वासाबरोबर कार्बन मोनॉक्साइड येतो, ज्याला स्वतःचा वास नसतो. म्हणून हेही हलक्यात घ्यायचं नाही. आणि ऑइलची दांडी काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा स्पष्ट वास येत असेल तर तेही गॅरेजला सांगा.

माझ्या कागदावरून उत्तर तिसऱ्या ठिकाणी होतं. पण पहिल्या गॅरेजमध्ये मी तो कागद खिशातच ठेवला. मेकॅनिकने झाकण बदललं, दोन जोड कसले आणि म्हणाला, "अब नहीं आएगा, साब." पुढच्या वेळी टाकी भरली, वास आला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दोष फक्त त्याचा नाही. मी "पेट्रोल का स्मेल आता है" एवढंच सांगितलं होतं. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटलं तर तो तरी काय करेल?

दुसऱ्या गॅरेजमध्ये मी वाक्य पाठ करून गेलो: "टंकी फुल होने पर आता है, आधी होने पर जाता है, पीछे की सीट पर ज़्यादा है, इंजन से नहीं." त्या माणसाने मान हलवली आणि सरळ मागची सीट उचलली. खालचं पत्र्याचं झाकण काढलं. मोटरच्या भोवती धुळीचं एक ओलसर, काळं कडं होतं. एवढंच. ना थेंब, ना डबकं. गाडी आम्ही जुनी घेतली होती. आधीच्या मालकाच्या वेळी मोटर कधीतरी बदललेली, आणि बदलताना जुनंच सील पुन्हा बसवलेलं असावं, असं तो म्हणाला. एकदा चेपलेलं सील पेट्रोलने फुगतं, पुन्हा खाचेत नीट बसत नाही. नवं सील स्वस्त होतं, मजुरी त्याहून जास्त लागली, आणि दोन्ही मिळून महिन्याच्या सालिकएवढेही पैसे झाले नाहीत.

हे काम घरी करण्याचं नाही, हे मुद्दाम सांगतो. यूट्यूबवर सोपं दिसतं. पण आधी लाइनमधला दाब काढावा लागतो, बॅटरीची तार सोडवावी लागते, टाकी बरीच रिकामी असावी लागते, जागा हवेशीर लागते आणि जवळ एक ठिणगी चालत नाही. आपण घरी करायचं ते फक्त बघणं, वास घेणं आणि लिहून ठेवणं.

आता कोणी म्हणेल, एका जुन्या गाडीची कथा सांगून काय उपयोग? तर भारतातली दोन उदाहरणं देतो. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुती सुझुकीने सुमारे एक लाख ए-स्टार गाड्या परत बोलावल्या. दोष होता फ्युएल पंपाच्या गास्केटमध्ये, म्हणजे आमच्या गाडीत जो भाग बिघडला त्याच जागी. टाकी पूर्ण भरल्यावर पेट्रोल झिरपण्याची शक्यता होती. मग एप्रिल २०१४ मध्ये त्याच कंपनीने स्विफ्ट, डिझायर आणि अर्टिगा मिळून १,०३,३११ गाड्या परत बोलावल्या. या वेळी टाकीच्या तोंडाची नळी बदलायची होती. कंपनीने सांगितलं होतं की काही गाड्यांत पेट्रोलचा वास येऊ शकतो, आणि नोझल आपोआप बंद झाल्यानंतरही पेट्रोल भरत राहिलं तर थोड्या गाड्यांत गळती होऊ शकते.

या दोन्ही गोष्टींत एक धागा सारखा आहे. काठोकाठ भरलेली टाकी. आणि इथे आपली एक खास सवय येते. नोझल खट्कन बंद होतं, आकडा असतो ९६ दिरहम ४० फिल्स, आणि आपण म्हणतो, "राउंड फिगर कर दो भाई." कधी आपण न सांगताच तो करतो. चार दिरहमचं पेट्रोल आणखी कोंबलं जातं.

जरा हिशोब करा. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात, पेट्रोल तुलनेने थंड असतं. ५० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर ते फुगून जवळजवळ एक लिटर वाढतं. उन्हात लावलेल्या गाडीत हे वाढलेलं लिटर कुठे जाणार? त्यासाठीच टाकीत वर थोडी रिकामी जागा ठेवलेली असते. राउंड फिगर करताना आपण ती जागा भरून टाकतो, मग पेट्रोल कोळशाच्या डब्यात जातं किंवा सीलवर चढतं. तेव्हा पहिला खट् आवाज झाला की बस. पंपावरच्या माणसाला आधीच सांगायचं: "ऑटो कट पे बंद, ऊपर नहीं."

तुमच्या गाडीला असा रिकॉल आहे का, ते तपासणं सोपं आहे. मुल्कियावर गाडीचा चॅसी नंबर असतो, १७ अक्षरं-आकड्यांचा. तो त्या कंपनीच्या इथल्या एजन्सीला फोन करून सांगा आणि विचारा, "या नंबरवर कुठला रिकॉल बाकी आहे का?" रिकॉलचं काम कंपनी फुकट करते. जुनी गाडी घेणाऱ्यांनी, आणि विशेषतः अमेरिकेतून आयात झालेली गाडी घेणाऱ्यांनी हे करायलाच हवं, कारण रिकॉलचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असतं.

आणखी एक. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका. वाफेची गळती स्वतः ओळखण्याची सोय सगळ्या गाड्यांत नसते. ज्यांत असते त्यांत दिवा लागतो आणि मशीनवर पी ०४५५ म्हणजे मोठी गळती, पी ०४५७ म्हणजे झाकण सैल, असे कोड दिसतात. आमच्या गाडीचा दिवा एकदाही लागला नव्हता. जागा सापडतच नसेल तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करायला सांगा. नळ्यांत हलका धूर सोडतात, जिथून धूर निघेल तिथे भोक.

भारतात घरी गाडी असणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्याकडे पुण्यात, मुंबईत सीएनजीच्या गाड्या खूप आहेत. सीएनजीला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात सडक्या अंड्यासारखा वास मुद्दाम मिसळलेला असतो. तो आला तर वेगळी तपासणी, वेगळा मेकॅनिक. आणि आता तिकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. आई-वडिलांकडे दहा-पंधरा वर्षांची गाडी असेल तर तिचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नसण्याची शक्यता आहे. पुढच्या सुट्टीत गेलात की सर्व्हिसिंगला तेवढं बघायला सांगा.

दुरुस्ती झाल्यावर ती झाली की नाही हे कसं कळणार? आमची परीक्षा अशी होती. टाकी ऑटो कटपर्यंत भरली. गाडी बाहेर मोकळ्या जागी, काचा बंद करून रात्रभर ठेवली. सकाळी स्वतः वास घेतला नाही, कारण माझ्या नाकावर माझा भरवसा उरला नव्हता. अण्णांना मागच्या सीटवर बसवलं. मग शेजारच्या वहिनींना, ज्या आमच्या गाडीत कधी बसल्याच नव्हत्या. दोघंही नाही म्हणाले. तरी पुढची दोन फुल टाक्या होईपर्यंत मी एकट्यानेच गाडी चालवली. सीटच्या स्पंजमध्ये वास मुरलेला असतो, तो जायला आठवडाभर दारं उघडून ठेवावी लागली. कार्पेटवर खाण्याचा सोडा पसरून झटकला. अत्तराची बाटली काढून टाकली, ती परत लावली नाही. गाडीला कसलाच वास नसावा, म्हणजे वेगळा वास आला तर कळतो. आणि ड्रायव्हर सीटच्या खाली एक किलोचं पावडरचं अग्निशामक ठेवलंय. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं, हे मुलांनाही सांगून ठेवलंय.

या रविवारी एवढंच करा. टाकीच्या झाकणाची रिंग बघा. मागची दारं उघडून, सीटपाशी वाकून वास घ्या. शक्य असेल तर पाहुण्यांना घ्यायला सांगा. मुल्किया काढून चॅसी नंबरवर रिकॉल विचारा. पुढच्या वेळी पेट्रोल भरताना ऑटो कटला थांबा.

आणि मागच्या सीटवरून कोणी म्हणालं, "बाबा, वास येतोय," तर "जाईल" म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, मागे जाऊन बसा, आणि विचारा, "कुठून येतोय, दाखव."

अण्णा ऑगस्टमध्ये परत गेले. विमानतळावर सोडताना मागेच बसले होते. उतरताना म्हणाले, "आता बरी आहे गाडी." मला तेवढं प्रमाणपत्र पुरे.

सांभाळून चालवा.